परतीची खूण

मास्तरांनी सुई वर घेतली, अर्धी झालेली शिवण तशीच सोडली आणि चाकावर तळहात टेकवून मशीन थांबविले. मागच्या खोलीचे दार नुकतेच लागले होते. दुपारचे अडीच वाजले होते, गिऱ्हाईक नव्हते, आणि विजारीचा एक पाय शिवायचा राहिला होता.

"आजही बंद?" काजाला टाके घालता घालता अक्कांनी विचारले. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दुकानातील काजबटणांचे काम आणि घरातील सर्वांना बोलण्याचे काम, ही दोन्ही त्यांच्याकडेच होती.

"चिमी पडली आहे आत."

"पडली नाही, निघाली म्हण. काय ते नाव? शिफ्टिंग! आमच्या वेळी शिफ्टिंग म्हटलं की सामान हलायचं. ही बया स्वतःच हलायला निघाली."

मास्तर हसले नाहीत. चिमी त्यांची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिने आपण होऊन त्यांना सांगितले होते, की जग काही हे एकच नव्हे, अशी अगणित आहेत. उताणे पडावे, हातपाय अंगाला लागू देऊ नयेत, शंभरापासून उलटे मोजीत यावे, म्हणजे जाणीव एका जगातून दुसऱ्यात सरकते. मात्र कुठे जायचे ते आधी वहीत बारकाईने लिहून ठेवावे लागते. मास्तरांना यातले अर्धे समजले, आणि उरलेले त्यांनी विचारले नाही. ती कुठे जात असेल हे विचारण्याची गरजच नव्हती. चिमी सहा वर्षांची असताना तिची आई वारली होती.

प्रारंभी ती अर्ध्या तासात उठून येई. परंतु गेल्या आठ दिवसांपासून, तिला शांतता लाभावी म्हणून, मास्तर त्या वेळी मशीन बंद ठेवू लागले होते, आणि तेव्हापासूनच तिचे पडून राहणे लांबत चालले होते. काल तर दिवेलागणीपर्यंत ती हलली नाही. हाका मारून झाल्या, खांदा हलवून झाला. शेवटी तोंडावर पाणी शिंपडले तेव्हा तिने डोळे उघडले, आणि दारात पत्ता विचारायला आलेल्या परक्या माणसाकडे पाहावे तसे बापाकडे पाहिले. ती नजर मास्तरांच्या मनातून अद्याप गेली नव्हती.

"डॉक्टरला दाखव," अक्का म्हणाल्या. "एक दिवस जाईल आणि तिकडचीच होऊन बसेल. मग बस मशीन पुसत."

"अक्का, शुभ बोल ना गं."

"मी बोलते म्हणून तू घाबरतोस तरी. नाहीतर तू आणि तुझं मशीन, दोघंही मुके."

पाव तास कसाबसा गेला. मास्तरांना राहवेना. त्यांनी चपला काढल्या आणि दार हलकेच लोटले. चिमी हातपाय पसरून निश्चल पडली होती. श्वास संथ चालला होता. उशाशी वही उघडीच होती. दुसऱ्याचे लिहिलेले वाचू नये, ही गोष्ट त्यांना यत्किंचितही अमान्य नव्हती. तरी ते वाकले.

'स्वयंपाकघर. खिडकीची कडी सैल. टेबलावर तीन पेले. आई बाहेरून येते. वय आज असतं तेवढं, त्रेचाळीस. अंगात राखाडी कोट. दोन्ही खांदे अगदी सरळ, फोटोत आहेत तसे.'

मास्तर तेथेच थबकले. तो कोट त्यांनीच शिवला होता, आणि नंतर तो कुणाला तरी देऊनही टाकला होता. बायकोचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता. तिला त्याची लाज वाटे. म्हणून तिच्या प्रत्येक कपड्यात मास्तर डाव्या बाजूला कापडाची एक जादा घडी गुपचूप घालीत, आणि तिचे खांदे पट्टीने आखल्यासारखे दिसत. अक्कांनादेखील हे कधी कळले नाही. मास्तरांची कारागिरीच अशी, की स्वतःच्या मुलीलाही आई चुकीची आठवली.

कानावरची पेन्सिल त्यांच्या हातात आली. ती कागदापर्यंत गेली आणि काही न लिहिताच पुन्हा कानावर गेली. तेव्हाच त्यांना पानाची शेवटची ओळ दिसली.

'परतीची खूण : बाबांच्या मशीनचा आवाज. तो ऐकू आला की माघारी फिरायचं.'

मास्तर बाहेर आले ते थेट मशीनवर बसले. त्यांनी विजारीचा पाय सुईखाली सरकविला, पायडलवर पाऊल ठेविले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तसेच बसून राहिले.

"आता काय झालं?" अक्का म्हणाल्या. "बसलास तर शिव की."

"थांब जरा. आत्ताच पोचली असेल."

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग त्यांनी दुसऱ्या सदऱ्याचे बटण हाती घेतले.

दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. मग मास्तरांनी पायडल दाबले. शिवण पुरी झाली, तरी आतून चाहूल नव्हती. त्यांनी विजार बाजूला केली, एक चिंधी सुईखाली घेतली आणि तिच्यावर टीप मारीत राहिले. पलीकडे गेले की वळायचे, अलीकडे आले की वळायचे. चिंधी टाक्यांनी ताठ झाली. अक्कांची सुई केव्हाच थांबली होती.

दाराची कडी वाजली. विस्कटलेल्या केसांनी चिमी उभी होती. तिने आधी मशीनकडे पाहिले आणि मग बापाकडे.

"बाबा, इतके दिवस बंद का ठेवलं होतं?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मी तिकडे कान लावून बसायचे."

तिने माठातले पाणी घेतले आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकले.

"आज आईनं कोट काढून खुंटीला लावला. याआधी कधीच काढत नव्हती." तिने पेला माठावर पालथा घातला. "बाबा, तिचा एक खांदा खाली आहे. डावा."

"काहीतरीच!" अक्का म्हणाल्या. "तुझ्या आईसारखे खांदे मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत."

मास्तरांनी दोरा तोडला. चिंधीची घडी केली, पुन्हा उलगडली.

"किती खाली?"

चिमीने अंगठा आणि तर्जनी यांत थोडे अंतर ठेवून हात पुढे केला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, त्या अंतराला लावली आणि चष्मा सारखा करून पाहिली: अर्धा इंच. मग पुष्कळ वेळ त्यांनी तिची बोटे सोडली नाहीत.

"उद्या मशीन जरा उशिरानं चालू करीन," ते म्हणाले.