साहेबांनी टोपी वाजवली

मी एक जुनं पांढरं हेल्मेट आहे. पांढरं हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या दुबईच्या साइटवर रंगाला मान होता. मजूर पिवळे, फोरमन निळे, इंजिनिअर पांढरे. हसू नका मित्रांनो, तुमच्याकडेही असलं काहीतरी असतंच. मला साच्यात घडवलं तेव्हाच माझ्या आतल्या बाजूला साल उमटलं, २००४. शेजारी चिठ्ठी चिकटवली, 'पाच वर्षांनी बदला.' आपण किती दिवस कामाचे, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. माणसांच्या आत असलं काही छापलेलं नसतं, बिचारी चाचपडत असतात.

मी गुणवंतसाहेबांच्या डोक्यावर आलो. साहेब ठाण्याचे, वय बेचाळीस. शारजात फ्लॅट, घरी सुहासिनीबाई आणि लहानगी शुभ्रा. माणूस कामाला वाघ! त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "चाळिशीत माणसाला कळतं आपण कोण आहोत ते. मला कळलंय. मी शब्दाचा माणूस." असं म्हणून ते मला बोटांनी दोनदा वाजवायचे, टक-टक. सुरुवातीला मला राग यायचा. अहो, मी काय दार आहे? पण कुणाची सुट्टी अडली, मजुरांच्या कॅम्पात एसी बंद पडला, की साहेब "करतो" म्हणायचे, मला वाजवायचे आणि काम व्हायचंच. मग साइटवर सगळे म्हणू लागले, "साहेबांनी टोपी वाजवली? खलास, झालं काम!" खोटं कशाला बोलू, मीही फुगून गेलो होतो.

शटरिंगचे फोरमन यूनुसभाई दापोलीकडचे, राहायला सोनापूरच्या कॅम्पात. सतरा वर्षं आखातात काढलेली. त्यांची धाकटी मुलगी इनाया नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. "साहेब, अजून तीन वर्षं टिकलो की गंगेत घोडं न्हालं," असं ते चहा पिताना म्हणायचे.

मग २००८ चा नोव्हेंबर आला आणि त्याबरोबर मंदी. समोरच्या टॉवरची क्रेन थांबली ती थांबलीच. एका सोमवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये हेड ऑफिसचा मेल उघडला. मी डोक्यावरच होतो, मीही वाचला. अठराव्या मजल्याचा स्लॅब झाला की काम बंद, माणसं परत पाठवायची, तोवर कुणाला कळता कामा नये. साहेबांच्या कपाळाचा घाम माझ्या पट्ट्यात उतरला. केबिनमध्ये एसी चालू होता बरं का.

त्याच दुपारी यूनुसभाई आले.

"साहेब, फुजैराला आमचा भाचा मोईन हाय, तेलाच्या टर्मिनलवर. तिथं फोरमन पायजे, गुरुवारपर्यंत कळवायचं हाय. तुमची एनओसी मिळाली तर जातो म्हनतो. हिकडचं काय खरं नाय."

त्या काळी कंपनीचं हे ना-हरकत पत्र असल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. साहेबांची एक सही, बस्स. पण यूनुसभाई गेले की बाकीची माणसं बिथरणार, स्लॅब रखडणार आणि मग घरी पाठवायच्या यादीत साहेबांचंही नाव येणार. जाऊ द्या हो त्यांना, मी आतल्या आत ओरडत होतो. हेल्मेटाला तोंड कुठलं?

"कशाला जाताय यूनुसभाई? मी आहे ना. इनायाचं शिक्षण होईपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर." टक-टक.

"बस साहेब, खलास!" यूनुसभाईंनी तिथंच उभं राहून मोईनला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

वरून वीट पडली असती तर मी अंगावर घेतली असती, त्यासाठीच तर माझा जन्म. हे माझ्या खालून आलं. मी काय करणार?

स्लॅब ठरल्या दिवशी झाला. नऊ दिवसांनी यादी लागली, यूनुसभाईंचं नाव पहिलं. फुजैराची जागा भरून गेली होती. ते निळं हेल्मेट परत करायला आले तेव्हा साहेबांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. यूनुसभाई थोडा वेळ थांबले, हेल्मेट पायरीवर ठेवलं आणि बसमध्ये जाऊन बसले. साहेबांची नोकरी टिकली. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला डोक्यावर घेतलं नाही. दोन्ही हेल्मेटं घरी आणून चपलांच्या कपाटावर ठेवली. माझी मुदत संपली, तरी टाकवत नव्हतं.

सहा वर्षं अशीच गेली. शुभ्रा अठरा वर्षांची झाली. एका शुक्रवारी साफसफाई करताना तिने निळ्या हेल्मेटावरचं नाव वाचलं. "पप्पा, दीज आर एक्स्पायर्ड! अँड हू इज यूनुस?"

साहेब खाली बसले आणि त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. मेल, एनओसी, बंद दार, काहीही लपवलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शुभ्रा रडली नाही की रागावली नाही. "कॉल हिम, पप्पा. जस्ट टेल हिम," एवढंच म्हणाली.

साहेबांनी मला मांडीवर घेतलं आणि दापोलीला फोन लावला. शुभ्रा शेजारी बसली. फोन स्पीकरवर होता.

"कोन? गुणवंतसाहेब? या अल्ला! साहेब, इतक्या वर्षांत तुमी एकटेच आठवन काढता बघा."

"इनाया कशी आहे?"

"तिचं शिक्षन ऱ्हायलं, साहेब. घरीच शिलाई करते आता. पन तुमी मनाला लावून घेऊ नका. बायकोला, हव्वाबीला, मी नेहमी सांगतो, साहेबांना तरी कुठं ठाऊक व्हतं? ठाऊक असतं तर त्यांनी मला जाऊ दिलं असतं."

बोला साहेब, आता तरी बोला! आता ना यादी होती, ना स्लॅब. त्यांच्या तळहाताचा घाम मला लागत होता. शुभ्रा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"हो ना, यूनुसभाई," साहेब म्हणाले. "मला तरी कुठं ठाऊक होतं?"

आणि त्यांच्या बोटांनी, सवयीने, मला वाजवलं. टक-टक.

शुभ्रा उठली आणि आपल्या खोलीत गेली.

मित्रांनो, चाळिशीत साहेबांना वाटलं होतं, आपण कोण ते कळलं. सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेव्हा दोष मेलवर ढकलता आला. बावन्नाव्या वर्षी तो कुणावर ढकलायचा? मला जपा असं मी म्हणणार नाही, माझी मुदत केव्हाच संपली. एवढंच मागतो, कुणी तुमच्या भरवशावर थांबत असेल आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. आणि कृपा करून मला वाजवू नका.