टेबलावरची खोकी

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. नेमकं किती जुनं ते सांगता येणार नाही, कारण माझ्या जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणी आता उरलेलं नाही. लाकूड बरं आहे, रंग गडद आहे आणि चार पायांतला एक पाय हलतो. एवढी ओळख पुरे.

एका सुताराने मला घडवलं ते जेवणासाठी नव्हे. मी एका शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचं टेबल होतो. शिंपी माझ्यावर कापड पसरायचा, खडूने रेघा मारायचा आणि कात्री चालवायचा. गिऱ्हाईकं माझ्यावर कोपरं टेकून उभी राहायची आणि जाताना म्हणायची, "टेबल मात्र दणकट आहे हो." कौतुक मी ऐकलं ते तेव्हाच. पुढे शिंप्याचे डोळे अधू झाले, दुकान बंद पडलं, आणि एका घरमालकिणीने मला उचलून आपल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. या खोल्या ती भाड्याने देत असे. बिऱ्हाडं आली आणि गेली. कुणी माझ्यावर इस्त्री केली, कुणी सायकलचं चाक खोलून ठेवलं. एका बिऱ्हाडाने मला भिंतीला सरकवून वर गाद्या रचल्या आणि जाईपर्यंत काढल्या नाहीत. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. आम्हाला वजन कळतं, तेवढंच.

मग हे कुटुंब आलं.

नवरा, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. नवरा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. या गावात त्याला चांगली नोकरी मिळाली म्हणून ते आपला मुलूख सोडून, लांबचा प्रवास करून आले होते. बायको तिकडे शाळेत शिकवत होती; इथे तिला अजून कुठे जागा मिळाली नव्हती. मुलगी एका जागी बसत नसे, म्हणून तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि ती बोलली की शब्दांबरोबर वाराही बाहेर पडायचा.

आल्या दिवशी त्यांनी सगळी खोकी माझ्यावर ठेवली. भांड्यांची, पुस्तकांची, कपड्यांची. "रविवारी लावू," नवरा म्हणाला. तो रविवार काही आला नाही. खोकी तशीच राहिली. नवरा सकाळी ओट्याशी उभा राहून घाईघाईने काहीतरी खाऊन जायचा. ती आणि भिंगरी पलंगावर बसून जेवायच्या. तिकडच्या घरी जेवणाआधी तिघं हात जोडून प्रार्थना करायचे, असं भिंगरीच्या बोलण्यातून कळायचं. इथे तिघं एकत्र बसतच नव्हते, तर प्रार्थना कोण आणि कधी करणार?

एका रविवारी मात्र ते नीटनेटके कपडे घालून चर्चला गेले आणि फार लवकर परत आले. बायको आत आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"मी पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही," ती म्हणाली.

"अगं, एका बाईने सांगितलं एवढंच. भिंगरी बाकावर चढून नाचत होती," नवरा म्हणाला.

"एवढंच? भर उपासनेत मागे वळून म्हणाली, मुलीला बाहेर घेऊन जा. सगळे बघत होते. आपल्याला इथे ओळखणारं एक माणूस नाही, आणि पहिली ओळख झाली ती अशी."

ती बाई पुढच्या बाकावर बसणारी, पांढऱ्या केसांची आणि करड्या आवाजाची होती. दोघांनी तिला घरातल्या घरात हेडबाई असं नाव ठेवलं. नवऱ्याने ते हसत ठेवलं. बायको हसली नाही.

त्यानंतरचे रविवार घरातच गेले. तिच्या आईचा फोन यायचा तेव्हा ती माझ्याजवळ, खोक्यांच्या आडोशाला उभी राहून बोलायची. "बरं आहे," असं सांगायची आणि फोन ठेवून तिथेच थांबून राहायची. एका संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा तिने विषय काढला.

"तू तुझ्या दातांत रमलास. मी दिवसभर कुणाशी बोलू? भिंतींशी?"

"जरा दम धर. शाळांमध्ये विचारलंय आपण."

"विचारून किती दिवस झाले? मी भिंगरीला घेऊन आईकडे जाते."

"किती दिवसांसाठी?"

तिने भिंगरीचा फ्रॉक उचलून घडी घालायला घेतला. नवऱ्याने जोडे काढायला घेतले होते, त्यांतला एक तसाच पायात राहिला. "नोकरी सोडून मला येता येणार नाही," तो सावकाश म्हणाला.

"तुला कुठे ये म्हणतेय? तू राहा. आम्ही जातो."

दुसऱ्या दिवशी तिने मोठी बॅग काढली आणि भिंगरीचे कपडे भरले. पुढच्या आठवड्यात निघायचं ठरलं. नवऱ्याने अडवलं नाही. त्याला अडवायचं होतं, हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं.

निघायच्या आधीच्या शनिवारी दुपारी दार वाजलं. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. तिने दार उघडलं, आणि ती तशीच उभी राहिली. दारात हेडबाई होती. एका हाताने तिने तोंड झाकलं होतं, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

हेडबाईनेही तिला ओळखलं असणार. पण ती मागे वळली नाही. तिने पुरचुंडी उघडून दाखवली. आत मधोमध मोडलेली कवळी होती. मग ती काहीतरी बोलली, आणि त्यातला एक शब्द धड कळला नाही.

"काय म्हणालात?" तिने कोरड्या आवाजात विचारलं.

हेडबाई पुन्हा बोलली. तोवर भिंगरी आईच्या मागून पुढे आली होती. बोळक्या तोंडाचं बोलणं बोळक्या तोंडाला बरोबर समजतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आई, आजी म्हणतात, त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना सोमवारपर्यंत बंद आहे. तिथल्या शिपायाने आपला पत्ता दिला, बाबांच्या कवळ्या तिथेच जातात ना. उद्या त्यांना चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचाय, आणि अशा तोंडाने कसं वाचणार?"

हेडबाईने मान हलवली. भाषांतर बरोबर होतं.

ते घरी नाहीत, एवढं म्हणून दार लावून घेता आलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही असावं, कारण दाराची कडी तिने घट्ट धरून ठेवली होती. पण हेडबाईचा तोंडावरचा हात काही खाली येत नव्हता. रस्त्यावरून माणसं जात होती आणि ती भिंतीकडे तोंड फिरवून उभी होती.

"आत या," बायको म्हणाली. "उठवते त्यांना."

नवरा डोळे चोळत आला, कवळी उजेडात धरून पाहिली आणि त्याची झोप उडाली. "जुळेल. अवजारं घरात आहेत माझी. पण वेळ लागेल, आणि जागा हवी." त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर जागा कुठे होती?

मग दोघांनी मिळून खोकी उतरवायला घेतली. इतके दिवस जे झालं नव्हतं ते थोड्या वेळात झालं. पुस्तकांचं खोकं खिडकीखाली गेलं, कपड्यांचं पलंगाखाली. शेवटी मी उघडा पडलो. तिने ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली, आणि नवऱ्याने खिडकीजवळच्या टोकाला आपला संसार मांडला. त्याने कवळीचे दोन्ही तुकडे मेणाने जोडले, खालून प्लास्टर भरलं आणि ते घट्ट व्हायची वाट पाहत बसला. मग कानशीने कडा घासल्या, भुकटीवर उग्र वासाचं पाणी टाकून गुलाबी लगदा केला आणि बारीक ब्रशने तो फटीत भरायला लागला. भिंगरी हनुवटी माझ्यावर टेकून बघत होती. आश्चर्य म्हणजे ती हलत नव्हती.

हेडबाई दुसऱ्या टोकाला बसली होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नाही, ही बातमीही भिंगरीनेच काढली. भिंगरीची आई उठली. बटाटे उकडले, दूध आणि लोणी घालून मऊ कुस्करले. वाढायला ताटली हवी होती, म्हणून तिने भांड्यांचं खोकं उघडलं. जुन्या चादरींत गुंडाळलेल्या ताटल्या एकेक करून बाहेर आल्या. एक काढायला गेली होती; चार काढल्या.

चौघं माझ्याभोवती बसली. हेडबाईने सरळ हात जोडले आणि डोळे मिटले. नवऱ्याने ब्रश खाली ठेवला आणि छोटीशी प्रार्थना केली. शेवटचं आमेन चार जणांनी म्हटलं. त्यांतली दोन आमेन वाऱ्याची होती. नवऱ्याला हसू आलं, ते त्याने घासाबरोबर गिळलं.

खाता खाता ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत."

हेडबाई शांतपणे चमचा खाली ठेवून बोलली. भिंगरी तोंडातला घास सांभाळत सांगत गेली. "आजी म्हणतात, हो, त्यांनी बाहेर न्या म्हटलं. कारण मी नाचत होते. बाहेर व्हरांडा आहे. मुलांना तिथे थोडं पळवायचं आणि परत आत आणायचं. सगळ्या आया तेच करतात. आजी म्हणतात, तुम्ही घरी का गेलात?"

आईने भिंगरीच्या हनुवटीवर लागलेला बटाटा पुसला.

"आणि आजी म्हणतात," भिंगरीने घास गिळला, "त्यांनी आपली जागा धरून ठेवली होती. नंतरच्या रविवारीसुद्धा. पिशवी ठेवून. दुसरं कुणी बसायला आलं तर त्यांना ओरडल्या."

हेडबाईने माफी मागितली नाही. मागायला हवी असं तिला वाटलंही नसावं. तिने ताटली पुढे केली आणि आणखी थोडा बटाटा मागितला. तो मागायला भाषांतर लागलं नाही. वाढणारीने मात्र गरजेपेक्षा जास्तच वाढलं.

ऊन उतरायच्या सुमाराला कवळी कोमट पाण्यातून निघाली, घासून चकचकीत झाली आणि तोंडात बसली. हेडबाईने दात दोनदा वाजवून पाहिले. मग पहिलं स्पष्ट वाक्य बोलली, तेही चर्चमधल्याच करड्या आवाजात. "खोलीत फार पसारा आहे तुमच्या. शिक्षिका आहात ना? मुलगी म्हणाली."

"होते," ती म्हणाली.

"संडे स्कूलच्या लहान वर्गाला कुणी नाही. मी घेते, पण मला दम लागतो. उद्यापासून तुम्ही घ्या."

"मी इथे राहणार नाही. पुढच्या आठवड्यात जातेय."

हेडबाईने कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मग जाईपर्यंत घे," ती म्हणाली. आणि मजुरी घ्यायला नवऱ्याने नकार दिला तेव्हा त्यालाही दोन शब्द सुनावून गेली.

दुसऱ्या दिवशी ते तिघं चर्चला गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. दुपारी माझ्याभोवती बसून जेवताना जे बोलणं झालं, त्यावरून कळलं की शास्त्रपाठ शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला आणि एकही शब्द घसरला नाही. लहान वर्गात सात-आठ मुलं होती. गोष्ट अर्धीच झाली आणि घंटा वाजली.

"उरलेली कोण सांगणार त्यांना?" ती जेवताना म्हणाली. नवरा पाणी पीत होता, तो पीतच राहिला. एवढं शहाणपण त्याने दाखवलं. त्या आठवड्यात ती गेली नाही. गोष्ट पुढच्या रविवारी संपली, पण तोवर मुलांनी दुसरी मागितली होती. चर्चच्या मागच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा हा वर्ग काही दिवस माझ्याभोवतीच भरला. मुलांनी माझ्यावर रंग सांडले, कागद चिकटवले, आणि एकाने तर खालून पायावर आपलं नाव कोरलं.

सगळं गोड झालं असं नाही. शाळेतली नोकरी तिला त्या वर्षी मिळालीच नाही. कधी कधी ती भाजी चिरता चिरता थांबायची आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायची. हेडबाई आली की प्रत्येक गोष्टीत खोड काढायची. पण आता ती तिला अगं-तुगं करायची, आणि जेवायला थांबा म्हटलं की थांबायची.

एकदा बायकोच्या आईचा फोन आला. भिंगरी माझ्यावर पसरून चित्र रंगवत होती, नवरा ताटं मांडत होता. पलीकडून आईने नेहमीचंच विचारलं असणार, कधी निघतेस म्हणून.

"सुट्टीत येते गं," ती म्हणाली. "आठ-दहा दिवस राहू. मग परत यायला हवं, इथे वर्ग आहे माझा."

नवऱ्याच्या हातातली ताटली माझ्यावर जरा जोरात टेकली. ती फोन ठेवून आली आणि खुर्ची ओढून बसली.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. घरमालकीण नवं टेबल द्यायला तयार होती. माझ्या घरच्यांनी तिला सांगितलं की टेबल राहू दे, पाय तेवढा ठोकून द्या. तो अजून ठोकलेला नाही. माझी तुमच्याकडे मागणी लहानशी आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी उभं असेल. त्याच्यावर आज काय काय साठलंय, ते एकदा बघा. नंतर लावू म्हणून ठेवलेलं असेल, ते उचलून जागच्या जागी ठेवा. ओलं फडकं फिरवा. मग घरातल्या सगळ्यांना हाक मारा आणि एकत्र जेवायला बसा. आम्ही त्याचसाठी उभे असतो.