जुन्या कागदांच्या खोक्यातून

"आडनावावरून काही कळत नाही गं त्यांचं. घरी जाऊन पुस्तकं बघितली की कळेल."

इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला मंजूषाताई हे शेजारणीच्या कानात बोलल्या. पाठमोऱ्या शर्वरीने ते ऐकलं. तिच्या पिशवीत मी होते, म्हणून मीही.

मी एक कादंबरी बोलतेय. गुलामगिरीविरुद्धची, मराठीत आणलेली.

माझी गोष्ट मुळात परदेशातली, बाजारात विकल्या गेलेल्या एका आईची. ती वाचून घरोघरी बायका रडल्या. नवरे म्हणाले, गोष्टच ती. पण पुढे मतं मागायला येणाऱ्याला लोक दारातच विचारू लागले, "गुलामांचं काय करणार?" उत्तर टाळणारे पडले, पक्ष फुटले, संसदेत मला शिव्या बसल्या. कायदा काही मी केला नाही. मी फक्त गप्प बसणं अवघड केलं.

मराठीतले माझे खिळे नागपूरच्या छापखान्यात दादारावांनी जुळवले. शर्वरीचे आजोबा ते. वस्तीत मला मोठ्याने वाचायचे. लग्नात त्यांनी मला नातीच्या बॅगेत ठेवलं.

आणि इथे, नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला, मंजूषाताई रविवारी चहाला येणार म्हणून शर्वरीच्या नवऱ्याने, कुशलने, कपाट रिकामं केलं. बाकीची पुस्तकं पलंगाखाली गेली. माझं कव्हर फाटकं, म्हणून मी दाराशी जुन्या कागदांच्या खोक्यात, सुपरमार्केटच्या जाहिरातींवर. सोमवारी रद्दीची गाडी येते. मग लगदा.

"त्यांचे मिस्टर माझे मॅनेजर आहेत, शर्वरी. उगाच विषय नको."

लग्नाला चार महिने झालेत. त्याला 'अहो' म्हणायचं की 'कुशल', हेच तिचं अजून ठरत नाही. कपाटात त्याने एक कुंडी ठेवली. प्लास्टिकची.

रविवारी पाहुण्यांचे बूट माझ्या शेजारी येऊन बसले. आतून आवाज आला, "अय्या, घरात एकही पुस्तक नाही?"

"वेळ कुठे मिळतो!" कुशल हसला. ते हसणं मला पानापानाला टोचलं.

मला हाक मारता येत नाही. आवाज कुणाचा तरी उसना घ्यावा लागतो. दादाराव, आता कुणाचा घेऊ?

तेवढ्यात शर्वरी आली. तिने मला उचललं, चिकटलेली जाहिरात सोडवली आणि चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी ठेवून आत नेलं. कुशलचा चेहरा उतरला.

"मंजूषाताई," ती म्हणाली, "हे माझ्या आजोबांनी छापलेलं पुस्तक. आम्ही बौद्ध आहोत. बाकीची पुस्तकं पलंगाखाली आहेत, वाकून बघावी लागतील. साखर किती घालू?"