अर्जातलं कारण

तनुजाला दर गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी हवी होती. मागणी एवढीच. पण ती कशासाठी, हे अर्जावर लिहायचं होतं आणि सगळं तिथंच अडलं.

ती दहावीत होती. वाशिम जिल्ह्यात केनवडच्या अलीकडच्या एका खेड्यातली शाळा, घरी वांगी, मेथी अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात नेणारे आईबाप. दिवाळीनंतर तिची झोप उडाली. चाचणीचा पेपर हातात आला की बोटं गार पडायची, श्वास पुरायचा नाही, पाठ असलेली उत्तरंही कुठं पळून जायची. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती मटकन खाली बसली. सर म्हणाले, उपाशी आली असेल. तिची मैत्रीण रुचिका म्हणाली, नाटक आहे. आजी तुळसाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेवटी गावातल्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं सांगितलं म्हणून तिची आई ज्योत्स्ना तिला वाशिमच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "किती दिवसांपासून होतंय हे?"

आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. तनुजा पाऊण तास रडली, आणि बाईंनी एकदाही 'रडू नको' म्हटलं नाही. मग डॉक्टरांनी तपासलं आणि दर गुरुवारी यायला सांगितलं.

परतीच्या एसटीत ज्योत्स्नानं बजावलं, "शाळेत कोनाले सांगू नको. पोट दुखते म्हन. उद्या सोयरीक कराची हाय तुही."

दुसऱ्या दिवशी तनुजा कोरा कागद घेऊन बसली. 'पोट' एवढं लिहिलं आणि तिचा हात थांबला. तिला मुन्ना आठवला. शेजारच्या रुखमाबाईचा मुलगा, तिच्या एक वर्ष पुढं, गणितात हुशार. मागच्या वर्षी तोही सारखी सुट्टी घ्यायचा, दर वेळी पोटदुखी लिहून. पोरं त्याला 'पोटदुख्या' म्हणून चिडवायची. बोर्डाच्या परीक्षेला तो गेलाच नाही. आता घरातच असतो. कुणी हाक मारली की आतल्या खोलीत जाऊन बसतो. त्याच्या पोटाला कधीच काही झालेलं नव्हतं.

तनुजानं कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'माझं मन आजारी आहे. वाशिमला उपचार सुरू आहेत.' खाली पूर्ण नावानं सही केली.

मुख्याध्यापक इंद्रभान सरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण धुवट धोतराला डाग लागू नये म्हणून कुणी जपतं ना, तसे ते शाळेच्या नावाला जपायचे.

"हे काय लिहिलंस?"

"कारण, सर."

"बेटा, असं लिहीत नाहीत. हा कागद फाईलला लागतो. उद्या कोणी पाहिलं तर म्हणतील, या शाळेत पोरी पागल होऊन राह्यल्या. पोटदुखी लिही, मी लगेच सही करतो."

"पोट नाई दुखत, सर."

"मग ताप लिही."

"तापबी नाई."

सरांनी अर्ज बाजूला सारला. "मग गैरहजेरी लागेल. सराव परीक्षा तोंडावर आहे, विचार कर."

तनुजानं विचार केला आणि गुरुवारी वाशिमची एसटी धरली. गैरहजेरी लागली. पुढच्या गुरुवारी तिनं तोच अर्ज, अक्षर न बदलता, पुन्हा दिला. तो परत आला. तिसरा दिला, तो दोन तुकडे होऊन परत आला. तिनं चौथा लिहिला. मग मात्र सरांनी आईला बोलावणं धाडलं.

घरी ज्योत्स्ना भडकली. "एक शब्द बदलाले काय होते वं तुले?"

"एकच शब्द नाई, आई. तो बदलला का मले काई झालंच नाई, असं होते."

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना बाजारातून थेट शाळेत आली, माफी मागायची असं ठरवूनच. हाताला मेथीचा वास तसाच होता. सर म्हणाले, "समजवा हिला. तिच्याच भल्याचं सांगतोय. लोक काय म्हणतील?"

आईच्या आधी तनुजाच बोलली. "मुन्नाच्या सगळ्या अर्जांवर पोटदुखीच व्हती, सर. तुमीच सह्या केल्या. तो कुठं हाय आता?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा ठेवला. मग ज्योत्स्नानं पदराला हात पुसले आणि अर्ज पुढं ओढला.

"कुठं सही कराची?"

"ताई, तुम्ही पण?"

"सर, माह्या पोरीचा पाय मोडला असता तर पाय मोडला असंच लिवलं असतं ना? मंग आता खोटं कायले? तुमीच तर फळ्यावर लिवता, खरं बोला म्हून."

तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

सरांनी त्या दिवशी सही केली नाही. "ठेवा, पाहतो," एवढंच म्हणाले. बाहेर लिंबाच्या पारावर बसून ज्योत्स्ना म्हणाली, "तुह्या पायी मी सरले उलटून बोलली. जल्मात कोनाले बोलली नव्हती!" आणि मग तिला हसूच आवरेना.

आठेक दिवसांनी मधल्या सुट्टीत रुचिका कागद घेऊन आली. "मले बी लिवून दे ना तसा अर्ज."

"नाटक करून राह्यली काय?" तनुजानं विचारलं. रुचिकाचे डोळे भरले, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. ती सरकून बसली. "बस. पन तुहं कारण तूच लिव. ते मले नाई माहीत."

रुचिकानं लिहिलं, 'शाळेत यायला निघताना छातीत धडधडते.' आठवडाभरात असे आणखी तीन अर्ज सरांच्या टेबलावर गेले. एक दिवस त्यांनी तनुजाला बोलावून कोरड्या आवाजात विचारलं, "त्या समुपदेशक बाईंचा नंबर आहे का?"

तिच्या अर्जावर त्यांची सही झालेली होती.

जानेवारीच्या शेवटी बाई शाळेत आल्या. ग्रंथालयाची खोली त्यांना दिली होती. ज्याला बोलायचं असेल त्यानं मधल्या सुट्टीत यावं, अशी सूचना वाचली गेली. दाराबाहेर पोरांचं टोळकं उभं होतं. "पागलखान्याची लाइन लागून राह्यली रे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. बोलायला आलेल्या मुली जागच्या जागी थिजल्या.

तनुजा एकटीच चालत जाऊन दारापाशी उभी राहिली. कान तापले होते, पण मान खाली गेली नाही. ती वळली.

"हो, लागली लाइन. पयली मी. माह्या मागं कोन हाय?"

मग रुचिका आली. तिच्यामागं नववीतली एक मुलगी. आणि मग त्या हसणाऱ्या टोळक्यातूनच मुकेश पुढं झाला. "काय पाहून राह्यले बे?" असं मित्रांवर खेकसून तो रांगेत लागला. सुट्टी संपेपर्यंत सात जण झाले.

सराव परीक्षेत तनुजाला गणितात कमीच गुण पडले. बोर्डाला ती बसणार आहे. मुन्ना बसेल की नाही, अजून ठरलेलं नाही. इंद्रभान सर दर रविवारी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. तो अजून बाहेर आलेला नाही. रुखमाबाई चहा करते, तो पिऊन सर उठतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जातात.