कोळंबीची वीट

कोळंबीची पिशवी ओट्यावर आपटली तर ठण्ण वाजली आणि धाकटीचं डोकंच फिरलं. गोठवलेली कोळंबी कशी, पिशवी हलवली की खुळखुळते. ही तर वीट झालेली, घ्या आणि भिंत बांधा. तळाशी लालसर पाण्याचा बर्फ. म्हणजे माल एकदा वितळून पुन्हा गोठला होता.

खानावळ दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, चूल धाकटीची. दुपारी समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाया जेवायला येणार होत्या आणि त्यांनी कोळंबीच सांगितली होती.

धाकटीने फ्रीजरमागे डोकावलं. सॉकेट एकच. शेजारी दाजींची वामकुक्षीची खाट, उशाशी टेबलफॅन, आणि त्याची वायर बरोब्बर त्या सॉकेटपर्यंत.

तिने विचारलं तर दाजी म्हणाले, काल लाइट गेली असेल. मग काल दुपारी फॅन काय फुंकरीवर फिरत होता, असं धाकटीने विचारल्यावर गल्ल्यावरची ताई नवऱ्याच्या बाजूने उठली. तुला ऊठसूट यांच्यातच खोट दिसते, म्हणाली. दाजींना जोर चढला.

"गरम पाण्यात टाक, मसाला जरा चढता घाल. कोणाला कळतंय?"

धाकटी चक्क 'बरं' म्हणाली. तिला ओळखणारा शहाणा माणूस इथेच पळाला असता. तिने वीट फोडली, मूठभर कोळंबी परतली, चढत्या मसाल्यात घोळवली आणि ताटली दाजींपुढे सरकवली.

"चाखा."

दाजींना तेवढ्यात अॅसिडिटी आठवली. सकाळी चार वडे हाणताना ती कुठे गेली होती कोण जाणे.

"आण इकडे, मी खाते," ताई वैतागली. "उगाच तमाशा."

तिने घास उचलला आणि दाजींनी झटकन तिचं मनगट धरलं.

"तू नको खाऊस."

धाकटीच्या तोंडात शिवी तयारच होती, पण ताईने आधी विचारलं, "आणि त्या बायांनी खायची?"

दाजींनी मनगट सोडलं. ताईने घास ताटलीत टाकला, ताटली कचऱ्यात, पाठोपाठ अख्खी पिशवी. नवऱ्याला म्हणाली, त्या बायांना फोन लावा. धाकटीने अंडी उकडायला काढली, तीही अशी आदळून की दोन तिथेच फुटली.

दाजी फोनवर गोड आवाजात सांगत होते, काय करणार, आमचा फ्रीजर बिघडला.

ताईने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बिघडला नाही हो बाई. यांनी झोपण्यासाठी बंद केला होता."