टफ सासू

सांगलीची अंकिता लग्न होऊन उंब्रजला आली आणि कराडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. नवरा जयराज फौजेत, त्यामुळं घरात दोघीच, ती आणि सासू शालूबाई. एका सकाळी शालूबाईंनी तिच्या कालवणाला नावं ठेवली. अंकिता जाम चिडली. फोनवर मैत्रिणीला इंग्रजीत म्हणाली, "सासू लई टफ आहे. म्हाताऱ्या बोकडाचं मटण, कितीही शिजव, चिवटच." दोघी खिदळल्या.

फोन ठेवला तर दारात शालूबाई.

"टफ म्हंजी काय गं?"

अंकिता घाईनं म्हणाली, "कणखर, आत्या. खंबीर."

"मला म्हनत हुतीस व्हय?" शालूबाईंचा चेहरा उजळला.

तेव्हापासून दळणाला गेल्या तरी गिरणीत सांगायच्या, "सून मला टफ म्हनती." जयराजचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो हसून म्हणाला, "आये, आमच्यात कुनाला टफ म्हनलं की गडी चार दिस छाती काढून फिरतो." अंकिता खाली मान घालून भाकरी थापत राहिली. वर्गात एकदा तोच शब्द आला. टफ पेपर, टफ मटण, टफ माणूस, असे अर्थ सांगता सांगता तिनं घाईनं पान उलटलं.

मग शालूबाई गोठ्यात घसरल्या. "काय न्हाई झालं," म्हणत त्यांनी हात पदराआड घेतला. दुसऱ्या दिवशी दुधाची किटली उचलताना मनगट दिसलं, सुजून निळं पडलेलं.

"आत्या, कालच का नाही सांगितलंत?"

"टफ मान्सानं येवढ्यातेवढ्यानं रडून कसं चालंल?"

अंकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, मी त्या दिवशी अर्थ फिरवून सांगितला," असं म्हणून तिनं मटणाचं सगळं बोलून टाकलं.

शालूबाई कराडच्या दवाखान्यापर्यंत रिक्षातून बाहेर बघत राहिल्या. प्लास्टर घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचंच होतं का, हे विचारायची अंकिताची हिंमत झाली नाही.

घरात अबोला पडला. अंकिता जेवायला वाढायची, शालूबाई ताटाकडं बघून जेवायच्या. एका हातानं वेणी मात्र जमेना. दोन दिवस केस तसेच राहिले. शेवटी अंकिता फणी घेऊन मागं जाऊन बसली. शालूबाई अंग चोरून बसल्या, पण उठल्या नाहीत. केस किती विरळ झालेत, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"जरा घट्ट वळ," शालूबाई म्हणाल्या.

"व्हय, आत्या," ती म्हणाली. त्यांचं तोंड पलीकडं होतं, तिचे डोळे त्यांना दिसले नाहीत, तेच बरं होतं.