मुकादमाच्या भातावर सूप

खानावळीत वाढणाऱ्या तात्सुएने इवाबुची मुकादमाच्या भातावर कढत मिसोचं सूप ओतलं. वर आणखी एक पळी जास्तच ओतली.

जेवणारे कामगार आपापले वाडगे धरून मागे सरकले. जपानातल्या निईगाताच्या डोंगरात बोगदा खणणारी माणसं भातावर सूप घेत नाहीत. भात जसा भिजून बसतो, तसा डोंगर डोक्यावर बसतो म्हणे.

"बाई, डोकं फिरलं का तुझं?" मुकादम ओरडला. "आज काम पुन्हा सुरू करायचंय!"

"म्हणून तर पोटभर वाढलं."

गेल्या महिन्यातल्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ तोकुजी बोगद्यात गाडला गेला. कातळाला साधी चीर नाही गेली. मधला चिकणमातीचा पट्टा तेवढा मटकन बसला. आणि या इवाबुचीने कंपनीच्या साहेबांना सांगितलं, पोरगा आत शिट्टी वाजवत होता, त्याने डोंगर कोपला. झालं! तोकुजीचं नाव निघालं की माणसं थुंकायला लागली. तात्सुएला खरं काय ते मुकादमाच्याच तोंडून काढायचं होतं, तेही सगळ्यांसमोर.

"खा ना," ती लाडात म्हणाली. "शिट्टीने डोंगर पडतो, तर सुपानेही पडेल, नाही का? काय हो कामेझोदादा, यांच्याबरोबर आत जाल आज?"

"मी?" म्हातारा कामेझो म्हणाला. "छे गं, माझी बायको अजून तरुण आहे!"

सगळे खदाखदा हसले. मुकादम लालबुंद. माणसं आत गेली नाहीत, तर कंपनी त्याला संध्याकाळपर्यंत हाकलणार. त्याने वाडगा उचलला, घटाघटा रिकामा केला आणि आपटला.

"घ्या! सूपबिप, शिट्टीबिट्टी, सगळ्या थापा! चला कामाला!"

तात्सुए याचीच वाट बघत बसली होती. "थापा होय? मग माझा भाऊ कशाने मेला?"

"भू... भूकंपाने."

"मग कातळ कसा नाही पडला?" कामेझोने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "पोटासाठी महिनाभर गप्प बसलो आम्ही. त्या मातीत लाकडी टेकू दाट लावू, म्हणून तोकुजी तुमच्या पाया पडत होता. तुम्हीच म्हणालात, लांब लांब लावा."

"अरे, उशीर होत होता!" मुकादम बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

 एकेक जण उठला, टोपी काढून तात्सुएसमोर वाकला.

"मुकादम," कामेझो म्हणाला, "त्या पट्ट्यातले टेकू आता तुम्हीच लावा. आम्ही बाहेर ऊन खातो."

दुपारी नोकरी वाचवायला मुकादम खांद्यावर लाकडं वाहत होता. बायकांना आत बंदी, म्हणून तात्सुए बोगद्याच्या तोंडाशी पालथ्या बादलीवर बसली. आत मातीचं ढेकूळ पडलं. मुकादम किंचाळत बाहेर आला.

"काय झालं हो?"

"क... काही नाही."

"मग घ्या की हा पुढचा," म्हणत तिने पायानेच एक ओंडका त्याच्याकडे ढकलला.